आईंना दिसणारी माणसं : डोळे थकले तरी मेंदू पाहायचं थांबत नाही

सांजवेळ

गेले आठ महिने आमच्या घरात एक विषय दबक्या आवाजात चालू होता. आज तो उघडपणे मांडतेय, कारण आमच्यासारखी गप्प बसलेली आणखी घरं असणार याची मला खात्री आहे.

माझ्या सासूबाई, वय ८१. मी त्यांना आईच म्हणते. दोन्ही डोळ्यांना वयामुळे होणारं मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे दृष्टिपटलाचा मधोमधचा भाग झिजलाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जातं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. वाचन तीन वर्षांपूर्वी सुटलं. बाकी प्रकृती उत्तम, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, नातवाचे पाढे अजून त्याच घेतात.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "त्या खुर्चीपाशी मुलं उभी आहेत का गं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. आधी भिंतीवर जाळी दिसायची, विटांसारखी, सगळीकडे एकसारखी. नंतर चेहरे येऊ लागले, मोठ्या डोळ्यांचे, अनोळखी. आणि आता ही मुलं. अंगात जुन्या धाटणीचे कपडे, डोक्यावर उंच टोप्या, टोपीत पीस. बोलत नाहीत, आईंकडे पाहतही नाहीत. थोडा वेळ असतात आणि जातात. "खरी नाहीत हे मला कळतं," आई म्हणाल्या, "पण दिसतात." पहिले तीन महिने त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. का, तर "म्हातारीला वेड लागलं म्हणाल."

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत मानसिक आजाराची गोळी लिहून दिली. डोळ्यांचं काय चाललंय हे विचारलंच नाही. गोळीने आई दिवसभर गुंगीत राहायच्या, आणि मुलं होती तिथेच. पुढे नेत्रतपासणीच्या वेळी तिथल्या एका बाईंनी आपणहून विचारलं, "आजी, नसलेलं काही दिसतं का? चेहरे, नक्षी, माणसं?" आई तिथेच रडायला लागल्या. कोणीतरी त्यांना न घाबरता विचारलं होतं.

याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने हे जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ. त्यांच्या ८९ वर्षांच्या आजोबांची नजर मोतीबिंदूने गेली होती, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. बुद्धी शाबूत होती, दिसतंय ते खरं नाही हेही ठाऊक होतं. बॉने यांनी १७६० मध्ये हे लिहून ठेवलं. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे, आणि माझ्या घरात एक बाई तीन महिने एकटीने घाबरत होती.

गोळी वैद्यकीय सल्ल्याने बंद झाली, आई आता सावध आणि शांत आहेत. पण एक प्रश्न मला सोडत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. डोळे अधू झाले, तर कमी दिसावं. जास्तीचं कसं दिसतं? आणि इतकं स्पष्ट? त्यांना माझा चेहरा दिसत नाही, पण नसलेल्या मुलाच्या टोपीतलं पीस दिसतं!

अनवट

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या आजोबांना काचबिंदू होता. शेवटची दोन वर्षं ते "अंगणात घोडे आलेत" म्हणायचे, आणि आम्ही दर वेळी "काही नाही आजोबा, झोपा" म्हणून विषय मिटवायचो. त्यांना आमच्या उत्तराने किती एकटं वाटलं असेल, ते आज कळतंय.

नेत्रपल्लवी

मी अल्पदृष्टी असलेल्या रुग्णांबरोबर काम करते. पिसाचा प्रश्न नेमका आहे, त्यातच सगळं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहिते.

डोळा चित्र टिपतो आणि मेंदू ते बघतो, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. त्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या चेतातंतूंची संख्या मात्र साधारण १० लाख. म्हणजे बरीचशी छाटणी डोळ्यातच होते. कुठे उजेड-अंधाराची सीमा आहे, कुठे काही बदललं, एवढंच प्रामुख्याने पुढे जातं.

त्यातही बारकावे फक्त मध्यबिंदूपाशी टिपले जातात. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, जवळजवळ तेवढाच भाग आपल्याला एका वेळी खरोखर रेखीव दिसतो. बाकी सगळं पुसट असतं. डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारून हे तुकडे गोळा करत राहतात. उडीच्या क्षणी दृष्टिपटलावरचं चित्र फरफटत जातं, पण ते आपल्याला जाणवू दिलं जात नाही. आरशापुढे उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्याकडे पाहा. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतील.

मग डोळ्यांपुढे पसरलेलं हे सलग, स्थिर, कडेपर्यंत स्वच्छ जग येतं कुठून? ते मेंदू विणतो. आलेल्या तुटपुंज्या खुणांवरून समोर काय असावं याचा अंदाज बांधतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच याला 'नकळत काढलेला निष्कर्ष' म्हटलं होतं.

डोळ्याकडून निघालेला निरोप आधी मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसमध्ये थांबतो आणि तिथून डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टीच्या भागाकडे जातो. या थांब्यावरच्या जोडण्यांपैकी डोळ्याकडून आलेल्या जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतात. बाकीच्या मेंदूच्या इतर भागांकडून येतात, आणि त्यांतल्या पुष्कळ तर ज्याला निरोप पोचवायचा त्या दृष्टीच्या भागाकडूनच उलट आलेल्या असतात. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहावं लागलं होतं.

आता आईंकडे येऊ. दृष्टिपटलाचा मधला भाग गप्प झाला. पण त्या भागाचे निरोप वाचण्यासाठी मेंदूत राखून ठेवलेल्या पेशी जिवंत आहेत, धडधाकट आहेत. निरोप येईनासे झाले की त्या झोपी जात नाहीत. उलट जास्त संवेदनशील होतात आणि आपणहून चेतवल्या जातात, असं आजचं मुख्य स्पष्टीकरण आहे. आणि त्या चेतवल्या गेल्या की मेंदू तेच करतो जे तो आयुष्यभर करत आला: त्याचा 'दिसलं' असा अर्थ लावतो. हात कापला गेलेल्या माणसाला नसलेल्या हाताची बोटं दुखतात, त्याच जातीची ही गोष्ट.

म्हणून ते पीस इतकं स्पष्ट. तुमचा चेहरा झिजलेल्या दृष्टिपटलातून जायला हवा, तो वाटेतच हरवतो. पिसाला त्या वाटेने जावंच लागत नाही. ते थेट मेंदूतच उमटतं.

सांजवेळ

नेत्रपल्लवी, शेवटचा परिच्छेद मी आईंना दोनदा वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे डोकं चालतंय म्हणूनच दिसतंय तर."

शंकेखोर

माहितीबद्दल आभार, पण मला हे पुरतं पटलेलं नाही. पेशी आपोआप चेतवल्या गेल्या तर नुसते ठिपके, ठिणग्या, रंगांचे डाग दिसायला हवेत. टोपी घातलेली मुलं? एवढी रचलेली गोष्ट नुसत्या गोंधळातून कशी निघेल? आणि अनोळखी मुलंच का? गेलेली माणसं, नातेवाईक का नाहीत? मनाचा काहीच वाटा नाही?

कवडसा

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. मी मेंदूविज्ञान शिकते, जमेल तसं उत्तर देते.

दृष्टीसाठी मेंदूत एकच पडदा नाही, अनेक विभाग आहेत आणि त्यांची कामं वाटलेली आहेत. सुरुवातीच्या विभागात रेषा आणि कडा ओळखणाऱ्या पेशी असतात. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांना त्या १९५०च्या दशकाच्या अखेरीस सापडल्या, आणि त्याही अवचित. मांजराला ठिपक्यांच्या काचपट्ट्या दाखवत होते, पेशी दाद देईना. पट्टी सरकवताना तिच्या कडेची बारीक सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी कडाडून चेतवली गेली. तिला ठिपका नको होता, विशिष्ट कोनातली रेघ हवी होती.

पुढच्या विभागांत रंग, हालचाल, चेहरे यांची कामं चालतात. हालचालीचा विभाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका रुग्ण स्त्रीचं वर्णन १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिला रंग दिसत, वस्तू ओळखता येत, पण हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटायची, कप कधी भरला ते कळायचं नाही. रस्त्यावरची गाडी लांब असायची आणि पुढच्या क्षणी एकदम अंगावर. एकच धागा उसवला होता, बाकी वस्त्र तसंच.

आता तुमचा मुद्दा. कोणता विभाग आपणहून चेतवला जातो, त्यावर काय दिसणार हे ठरतं. १९९८ मध्ये डॉमिनिक फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शार्ल बॉने सिंड्रोम असलेल्या रुग्णांचे मेंदू, भास होत असतानाच, स्कॅनरमध्ये तपासले. रंगीत भास होणाऱ्याच्या मेंदूत रंगाचा विभाग उजळला होता आणि चेहरे दिसणाऱ्याच्या मेंदूत चेहऱ्यांचा. रुग्ण जे सांगत होते तेच यंत्रात दिसत होतं. सांजवेळताई, आईंना आधी जाळी आणि नंतर चेहरे दिसले ना? नक्षी, जाळ्या, विटा यांचे भास या आजारात अगदी नेहमीचे आहेत.

ओळखीची माणसं का नाहीत? भासातले चेहरे बहुतेकदा अनोळखीच असतात, हे पुष्कळ रुग्ण सांगतात. मला जो तर्क पटतो तो असा: 'हा चेहरा आहे' हे ओळखणं वेगळं आणि 'हा अमक्याचा चेहरा' हे ओळखणं वेगळं. दुसऱ्या कामाला आठवणींचं मोठं जाळं लागतं. नाक-डोळे नीट दिसूनही चेहऱ्यावरून सख्ख्या माणसाला न ओळखणारे लोक आहेत, त्याला १९४७ पासून प्रोसोपॅग्नोसिया हे नाव आहे. चेहऱ्याचा विभाग एकटाच चेतवला गेला तर चेहरा मिळेल, नाव मिळणार नाही.

आणि यासाठी डोळे अधू असावे लागतात असंही नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उत्तम नजर असलेल्या १३ जणांचे डोळे पाच दिवस बांधून ठेवले होते. त्यांतल्या १० जणांना भास झाले. त्यांच्या मनात काय दडलं होतं हे शोधायची गरज पडली नाही, निरोप थांबवले एवढं पुरलं.

शंकेखोर

पाच दिवसांत १३ पैकी १०! हे मला ठाऊक नव्हतं. माझा आक्षेप मागे घेतो.

पाऊलवाट

ज्यांना हे दुसऱ्या कोणाचं तरी वाटतंय त्यांच्यासाठी एक मिनिटाचा प्रयोग. दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे वर, एकमेकांना चिकटवून. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे रोखून पाहा आणि नजर न हलवता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. साधारण वीतभर अंतराच्या आत-बाहेर त्याचं टोक नाहीसं होईल. घाई करू नका, एकदा हुकलं तर पुन्हा करा.

दृष्टिपटलातून चेतातंतूंची जुडी जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू फ्रान्सच्या एद्म मारियोत यांनी सतराव्या शतकात शोधला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. अंगठा गेला तिथे काळं भोक दिसतं का? नाही. तिथे मागची भिंत दिसते, भिंतीच्याच रंगाची. त्या जागेवरची भिंत तुमच्या त्या डोळ्याने पाहिलेलीच नाही. मेंदूने आजूबाजूवरून भरून काढली.

म्हणजे न पाहिलेलं दिसणं हे आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत जन्मापासून चालू आहे.

अनवट

तीनदा केलं. तिसऱ्यांदा टोक गेलं आणि अंगावर काटा आला.

दिवेलागण

सुंदर धागा. वाचताना सारखं वाटत होतं की आपले पूर्वज हेच सांगत आले. रज्जुसर्प! अंधारात दोरी साप वाटते. दिसतं ते सगळं मेंदूने रचलेलं असेल तर जग हीच माया ठरते. विज्ञान शेवटी तिथेच पोचलं, नाही का?

कवडसा

दिवेलागण, रज्जुसर्पाचं उदाहरण मला फार आवडतं, पण इथे ते पुरतं लागू होत नाही असं माझं मत आहे, आणि दोन कारणांसाठी.

एक म्हणजे दिवा आणला की साप जातो. ज्ञान झालं, भ्रम संपला. दृष्टीचे पुष्कळ भ्रम असे जात नाहीत. म्युलर-लायरच्या १८८९ मधल्या त्या दोन रेषा आठवा, टोकांना आत आणि बाहेर वळलेले बाण असलेल्या. पट्टीने मोजा, दोन्ही सारख्या भरतात. पट्टी उचला, पुन्हा एक मोठी दिसते. आईंना मुलं खरी नाहीत हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तरी ती दिसतात. त्यांच्या समजुतीत काही चूक नाही, म्हणून समजूत घालून ती जाणारही नाहीत. घरच्यांनी हे ओळखणं फार गरजेचं आहे.

दुसरं, मेंदू रचतो हे खरं, पण मनाला येईल ते रचत नाही. त्याला जगाने शिकवलेलं असतं. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्याकडे एक प्रश्न पाठवला होता: जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली तर नुसतं पाहून ते ओळखता येतील का? मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमातून भारतातल्या जन्मतः दृष्टिहीन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा याचं उत्तर तपासता आलं. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दृष्टी आल्यावर लगेच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच जमू लागलं. स्पर्श आणि नजर यांचं नातं त्यांच्या मेंदूने जगाशी ताडून पाहत शिकून घेतलं. ताडून पाहायला जग आहे, म्हणूनच अंदाज बरोबर येतात. आईंच्या बाबतीत तेवढा एक कोपरा ताडून पाहण्यावाचून राहिलाय.

दिवेलागण

दिव्याचा मुद्दा पटला. यावर विचार करीन.

आभाळवेडी

थोडं अवांतर. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला 'आळशी डोळा' सांगितलाय. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आहे. तो फार रडतो आणि मला ते बघवत नाही. मोठा झाल्यावर केलं तर चालणार नाही का?

नेत्रपल्लवी

ताई, थांबू नका. आळशी असतो तो बहुतेकदा डोळा नव्हे, त्या डोळ्याचे निरोप वाचायला मेंदू शिकलेला नसतो. कवडसा यांनी लिहिलेल्या ह्यूबेल आणि वीझेल यांनीच पुढे दाखवलं की मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत बंद ठेवला, तर त्याच्या वाट्याची मेंदूतली जागा दुसरा डोळा बळकावतो. मोठ्या मांजरात तसं होत नाही. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. माणसात हा काळ काही वर्षांचा असतो, आणि साधारण सातव्या वर्षाच्या आत उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. पट्टी किती तास ते तुमचे डॉक्टर सांगतील तसंच करा. पट्टी असताना त्याच्या आवडीचं बारीक काम द्या, चित्र रंगवणं, मणी ओवणं. रडणं कमी होईल आणि डोळ्याला कामही मिळेल.

पाऊलवाट

सांजवेळताई, एक विचारायचं राहिलं. आईंना हल्ली ऐकूही कमी येतं असं वाटतं का? माझ्या आत्याचं तसं झालं होतं. कान तपासले तर ठीक निघाले. गोंगाटात आपण बोलणाऱ्याच्या ओठांवरून बरंच समजून घेत असतो, ते नकळत. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी दाखवलं की आवाज 'बा' चा आणि ओठ 'गा' चे असे जोडले तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतं. आत्याला ओठ दिसेनासे झाले म्हणून शब्द निसटायला लागले होते. आम्ही एका वेळी एकाने बोलायचं ठरवलं आणि पुष्कळ फरक पडला.

सांजवेळ

हो! अगदी हेच. चार माणसं जमली की त्या गप्प होतात. आम्हाला वाटायचं कंटाळल्या.

नेत्रपल्लवी

काही उपयोगाचं, सगळ्यांसाठी. भास सुरू झाला की डोकं न हलवता नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पंधरा-वीस वेळा फिरवून पाहा. खोलीतला उजेड बदला, अंधार असेल तर दिवा लावा. दिसतंय त्या दिशेने हात पुढे करा. प्रत्येकाला प्रत्येक उपाय लागू पडत नाही, पण एखादा पडतो.

आणि हे मात्र गंभीरपणे घ्या: भासाबरोबर आवाज ऐकू येऊ लागले, दिसतंय ते खरंच आहे असं वाटू लागलं, बोलण्यात गोंधळ किंवा विसराळूपणा दिसला, चालण्यात फरक पडला, किंवा नवीन औषध सुरू झाल्यावर हे सुरू झालं, तर कारण दुसरं असू शकतं. विनाविलंब डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना डोळ्यांची कागदपत्रं बरोबर न्या.

सांजवेळ

पंधरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद आईंना वाचून दाखवले.

नजर फिरवायचा उपाय जाळीला लागू पडतो, मुलांना नाही. मुलं दिव्याने जातात, कधीकधी. अंगठ्याचा प्रयोग माझ्या नवऱ्याने आईंसमोर बसून केला. टोक नाहीसं झालं तेव्हा तो म्हणाला, "आई, मलाही न पाहिलेली भिंत दिसतेय." त्यावर आई जे हसल्या, तसं हसताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. आता घरात एका वेळी एकच जण बोलतो, आणि त्या जेवायला आमच्याबरोबर बसतात.

काल मुलगा कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसला होता. "आजी, मुलं आली की सांग, मी काढतो." त्या सांगत होत्या, तो काढत होता. त्यांना कागद दिसत नाही, म्हणून पेन्सिल दाबून त्याने रेघा उमटवल्या आणि त्यांचं बोट धरून त्यांवरून फिरवलं. बोट टोपीपाशी आलं तेव्हा त्यांनी ते थांबवलं आणि म्हणाल्या, "उंची कमी पडली रे. अजून चार बोटं वर घे, मग पीस."